इंग्रजी शिक्षणातील कानांचा प्रश्न

दलित चळवळीने इंग्रजीचा प्रश्न कधीही दुय्यम मानलेला नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजीला माउली मानणारी कविता आहे. बाबासाहेबांनी पाक्षिके आणि साप्ताहिके मराठीत चालवली, पण आपले बहुतेक ग्रंथ इंग्रजीत लिहिले. अगदी अलीकडे, २०१० साली, चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात बनका या गावी ‘इंग्रजी देवी’चे मंदिर बांधण्याचे काम सुरू झाले. म्हणजे पावणेदोनशे वर्षे आपण या भाषेविषयी सातत्याने बोलत आहोत. परंतु या सर्व चर्चेत इंग्रजी हवी की नको, पहिलीपासून हवी की पाचवीपासून, माध्यम म्हणून हवी की विषय म्हणून, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत. भाषा माणसाच्या अंगात शिरते कशी, आणि आमच्या मुलांच्या बाबतीत ती नेमकी कोणत्या दारावर अडवली जाते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. तो येथे विचारावयाचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आमच्या मुलांना इंग्रजीचे अक्षर मिळाले, आवाज मिळाला नाही. इंग्रजी त्यांच्या डोळ्यांपुढे ठेवली गेली, कानांपर्यंत पोहोचवली गेली नाही. आणि ज्या वर्गाच्या घरात, शेजारात, शाळेत आणि जेवणाच्या टेबलावर इंग्रजी कानांवर पडते, त्या वर्गाची मक्तेदारी आज पुस्तकावर नसून कानांवर आहे.

कानांची मक्तेदारी हा शब्दप्रयोग मी सहज केलेला नाही. या देशात ज्ञान दीर्घकाळ ऐकून मिळवले जात होते. वेदाला श्रुती म्हणतात ते त्यामुळेच. म्हणून शूद्राला ज्ञानापासून दूर ठेवावयाचे तर त्याचे कान बंद करणे भाग होते. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शूद्राचा अधिकार नाकारताना तिचाच आधार घेतला आहे. हे विधान करणाऱ्यांना भाषाशिक्षणाचे एक मूलभूत सत्य चांगले ठाऊक होते: जो ऐकतो तो शिकतो.

याच्या उलट बुद्धाचा धम्म ऐकणाऱ्यांवर उभा राहिला. भिक्षूंनी तो शतकानुशतके ऐकून जपला. सुत्तांची सुरुवातच ऐकल्याच्या साक्षीने होते आणि शिष्याला श्रावक, म्हणजे ऐकणारा, असे नाव आहे. आपल्या मराठीतही विद्वान माणसाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो. शब्दाचा अर्थच पुष्कळ ऐकलेला असा आहे.

आणि आपला स्वतःचा अनुभव काय सांगतो? आपल्या मागील दोन पिढ्यांनी बाबासाहेबांचा विचार वाचून घेतला काय? बहुसंख्यांना अक्षर येत नव्हते. भीमराव कर्डकांच्या जलशांतून, सभांतून, वस्तीत रात्री जमलेल्या बैठकांतून, वामनदादांच्या गाण्यांतून तो विचार कानांनी आत गेला. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिला महाडची हकिकत आणि पुणे कराराचा अर्थ सांगता येत होता. ऐकून शिकण्याची एवढी मोठी शिदोरी जवळ असलेल्या समाजाला इंग्रजी मात्र ऐकण्यावाचून शिकवली गेली, हा या शिक्षणव्यवस्थेचा आमच्यावरचा खरा अन्याय आहे.

आता हा अन्याय घडतो कसा ते पाहिले पाहिजे. केवळ संताप व्यक्त करून कार्यकर्त्याच्या किंवा शिक्षकाच्या हाती काही लागत नाही.

मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांचे अक्षराशी असलेले नाते वेगवेगळे आहे. मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे बोलली जाते. तरीही ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च कागदावर एकच असून उच्चारात वेगळे आहेत. हा फरक आपल्याला कोणत्या पुस्तकाने शिकवला? कोणत्याच नाही. तो आईने बोलता बोलता शिकवला. जी गोष्ट मराठीत अपवादाने घडते ती इंग्रजीत नियमाने घडते. इंग्रजीचे लिखित रूप तिच्या आवाजाविषयी फार थोडे सांगते. छापील शब्द पाहून विद्यार्थी ‘कम्फर्टेबल’ म्हणतो आणि बोलणारा ‘कम्फ्टबल’ असे काहीतरी म्हणून पुढे गेलेला असतो. विद्यार्थ्याला शब्द येतो, अर्थ येतो, स्पेलिंग येते. फक्त तो शब्द कानांवर आला तेव्हा ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट चालीची. मराठी वाक्यात प्रत्येक अक्षर आपापली जागा बऱ्यापैकी राखून चालते. इंग्रजी वाक्यात काही शब्दांवर आघात येतो आणि मधले लहान शब्द चेपले जातात. ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘अँड’ हे पुस्तकात ठसठशीत दिसणारे शब्द बोलण्यात ‘ट’, ‘फ’, ‘अव’, ‘न’ एवढेच उरतात. ‘मी येऊ शकतो’ असे सांगताना ‘कॅन’ इतके आखडते की ते ‘कन’ होते. ‘येऊ शकत नाही’ असे सांगताना ‘कान्ट’वर जोर येतो, आणि अमेरिकन माणूस बोलत असेल तर त्यातला शेवटचा ‘ट’सुद्धा ऐकू येत नाही. होकार आणि नकार यांतील अंतर कागदावर स्पष्ट असते. कानांत ते केवळ जोराचे असते. मुलाखतीला बसलेल्या आमच्या मुलाने होकाराला नकार समजून उत्तर दिले, तर समोरची मंडळी त्याची बुद्धी मोजतात. वस्तुतः कमी पडलेली असते ती त्याच्या कानांची सवय.

तिसरी गोष्ट, प्रत्येक भाषा माणसाचे कान आपल्या सोयीने घडवते. आपण एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज बसवतो, म्हणून पश्चिम दिशा आणि अंगातले बनियन यांचे शब्द आपल्याला एकसारखे वाटतात. जहाज आणि मेंढी यांच्या इंग्रजी शब्दांतील स्वर आपण ऱ्हस्व-दीर्घ म्हणून समजून घेतो, पण इंग्रजीत तो भेद केवळ लांबीचा नसून आवाजाच्या जातीचाही आहे. यात मराठी माणसाचा काहीही दोष नाही. जगातील प्रत्येक माणूस परकी भाषा आधी आपल्या भाषेच्या चाळणीतून ऐकतो. चाळणीची छिद्रे बदलण्याचा उपाय एकच आहे: पुष्कळ ऐकणे, आणि जे ऐकतो त्याचा अर्थ लागेल अशा परिस्थितीत ऐकणे.

हे कोणालाच कळले नव्हते असे नाही. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत इंग्रजी अध्यापनाचे दोन इंग्रज विचारवंत आशियात काम करीत होते. हॅरल्ड पामर १९२२ साली जपानला गेले. आधी कान, मग जीभ, मग डोळा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. दुसरे मायकेल वेस्ट. ते ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत असत. त्यांनी १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, बंगाली मुलाला प्रथम वाचन शिकवावे. त्यांचा युक्तिवाद असा की बहुतेक मुले मधेच शाळा सोडतात. विम्याचा हप्ता मधेच बंद केला तरी जशी काही रक्कम हाती पडते, तसे शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय पडते ते पाहिले पाहिजे, आणि वाचनाने त्याच्या हाती सर्वांत जास्त पडेल.

वेस्ट यांचा हिशेब प्रामाणिक होता. गळती ही खरी होती, आणि आजही आमच्या वस्त्यांत ती खरी आहे. परंतु या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. हा मुलगा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या खोलीत कधी बसणारच नाही. त्याला फार तर त्या खोलीतून बाहेर आलेला कागद वाचता आला म्हणजे पुरे. वसाहतीच्या काळात हे गृहीत एखाद्या अधिकाऱ्याने धरले असेल तर त्यात नवल नाही. नवल हे की, स्वातंत्र्यानंतरही आमच्या शाळांनी तेच गृहीत, वेस्ट यांचे नावही न घेता, तसेच चालू ठेवले. दहावीच्या इंग्रजीत १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेला असतात. उरलेल्या तोंडी परीक्षेचे गुण कसे दिले जातात हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. जे परीक्षेत नसते ते वर्गात नसते.

मी काही वर्षे ग्रामीण भागातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवली. बहुसंख्य विद्यार्थी मागास वस्त्यांतून, वसतिगृहांतून आलेले. त्यांना छापील उतारा दिला की शब्दकोशाच्या मदतीने ते त्याचा अर्थ लावीत. तोच उतारा आधी न दाखवता साध्या गतीने वाचून दाखवला की वर्ग स्तब्ध होई. मग तोच कागद हातात दिला की मुले एकमेकांकडे पाहून हसत, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्यांना येत होता. शिक्षकांच्या खोलीत यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सल्ला दिला की, यांना ऐकून काय कळणार, गाइड लिहून द्या आणि पास करा. त्या महाविद्यालयात अनुदानातून घेतलेली भाषा प्रयोगशाळाही होती. तिचे कुलूप तपासणी समिती येई तेव्हा उघडत असे. ‘यांना ऐकून काय कळणार’ हे वाक्य मला नवे वाटले नाही. ते फार जुने आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. निर्णय स्वागतार्ह होता, आणि बहुजन समाजाने त्याचे स्वागत केले. पण पहिलीतल्या मुलाला भाषा द्यावयाची तर ती कानांनीच द्यावी लागते, कारण त्याला अजून आपलेच अक्षर यावयाचे असते. जेथे शिक्षकाच्याच कानांना इंग्रजीची सवय नाही, तेथे पहिलीची इंग्रजी म्हणजे ए ते झेड, फळांची नावे आणि पाठ केलेली दोन बडबडगीते एवढ्यावरच थांबते. गावोगावी निघालेल्या स्वस्त इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे चित्रही पुष्कळ ठिकाणी याहून वेगळे नाही. मजूर बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतो. शाळा त्याला टाय, बूट आणि इंग्रजी पुस्तके देते. वर्गात मात्र इंग्रजी पुस्तक मराठीत समजावून सांगितले जाते आणि उत्तरे फळ्यावरून उतरवून घेतली जातात. माध्यम बदलले, इंद्रिय बदलले नाही.

बनकाच्या इंग्रजी देवीकडे मी याच दृष्टीने पाहतो. चंद्रभान प्रसाद यांच्या भूमिकेमागची तळमळ मला मान्य आहे. इंग्रजी ही दलितांच्या मुक्तीची भाषा आहे हे ठासून सांगण्याची गरज होती. पण त्या मूर्तीची लक्षणे पाहा. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान, डोक्यावर हॅट, पायाखाली संगणक. सर्व चिन्हे लिहिण्याची, वाचण्याची आणि वेशाची आहेत. ऐकण्याचे एकही चिन्ह नाही. मूर्तिकाराला दोष देण्याचा येथे हेतू नाही. इंग्रजीविषयीची आपली कल्पनाच कशी डोळ्यांनी घडलेली आहे, एवढेच त्यातून दिसते. सावित्रीबाईंच्या कल्पनेप्रमाणे इंग्रजी माउली असेल, तर मूल माउलीला प्रथम ऐकते. आमच्या मुलांच्या हाती माउलीचे पत्र आले; तिचा आवाज दुसऱ्यांच्या घरात राहिला.

याचे परिणाम कोठे भोगावे लागतात? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्राची आणि राज्याची शिष्यवृत्ती आहे. पण परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळवताना आयईएलटीएससारखी परीक्षा आडवी येते. तिच्यात ऐकण्याच्या भागाला वाचन, लेखन आणि संभाषण यांच्याइतकेच वजन आहे. सुमारे ३० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. ज्याने एम. ए. पर्यंत एकदाही परीक्षेसाठी इंग्रजी ऐकलेली नाही, त्याच्यापुढे ती एकच वेळ येते. मग महागड्या शिकवण्या आल्या, आणि शिकवणीची फी शिष्यवृत्तीत मिळालेली नसते, कारण शिष्यवृत्ती अजून मिळावयाची असते.

दुसरे ठिकाण न्यायालय. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि पीडितांना सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. हा मोठा विजय आहे. पण प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेले की कामकाज इंग्रजीत चालते. मागच्या बाकावर बसलेल्या बाईचे म्हणणे वकील मांडतो. तिच्याविषयी तेथे जे बोलले जाते ते तिला आणि पुष्कळदा तिच्याबरोबर आलेल्या पदवीधर कार्यकर्त्यालाही समजत नाही. कार्यकर्त्याला निकालपत्र वाचता येते, युक्तिवाद ऐकता येत नाही. निकाल वाचून फक्त दुःख किंवा आनंद करता येतो. युक्तिवाद ऐकता आला तर वकिलाला वेळेवर चिठ्ठी देता येते. न्यायालयाची भाषा मराठी व्हावी ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत आपल्या कार्यकर्त्याने बहिरेपणाने तेथे बसावे काय?

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ऐकण्यावर भर देणे म्हणजे साहेबाच्या उच्चाराची पूजा करणे होय. ‘पानी’ म्हणाले म्हणून ज्यांना शाळेत हसले गेले, त्या आमच्या मुलांना उच्चाराच्या शुद्धतेचा छळ चांगला माहीत आहे. म्हणून हे स्पष्ट केले पाहिजे की, ऐकून समजणे आणि ऐकून नक्कल करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण आपल्या उच्चारानेच इंग्रजी बोलावी. समोरचा तामिळ असो, नायजेरियन असो की अमेरिकन, त्याचे बोलणे मात्र आपल्याला कळले पाहिजे. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत ध्वनिमुद्रित आहे. ते कोलंबियात ड्यूईंच्या वर्गात बसले होते, लंडनला राहिले होते. तरी त्या मुलाखतीत ते इंग्रजाची नक्कल करीत नाहीत. प्रश्न झटकन पकडतात आणि आपल्या आवाजात ठाम उत्तर देतात. बाबासाहेबांची इंग्रजी वाक्ये भाषणांत वापरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्यांचा इंग्रजी बोलतानाचा आवाज लक्षपूर्वक ऐकला आहे?

दुसरा आक्षेप साधनांचा. खेड्यातल्या शाळेत कोठून आणावयाची ही साधने? याचे उत्तर याच देशात दिले गेले आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांत एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे पाठ नव्हते, महागडी यंत्रे नव्हती. शिक्षक नकाशा, वेळापत्रक, साधे हिशेब असे काहीतरी पुढे ठेवी आणि त्याविषयी इंग्रजीतून विचारी. मुलांना उत्तर शोधावयाचे असे, आणि उत्तर शोधण्यासाठी शिक्षकाचे बोलणे समजून घ्यावे लागे. सुरुवातीला त्यांच्यावर बोलण्याची सक्ती नव्हती. अर्थपूर्ण ऐकणे हाच पाठ होता. अशा शिक्षणाला प्रथम लागतो तो बोलणारा शिक्षक. यंत्राचा नंबर त्यानंतर येतो.

तेव्हा शिक्षकांना माझे सांगणे असे की, रोज दहा मिनिटे इंग्रजीतून काहीतरी सांगा, आणि ते असे सांगा की मुलांना ते मराठीत आधीच ठाऊक असेल. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर काय घडले हे आपल्या वस्तीतील मुलाला माहीत असते. तीच हकिकत सोप्या इंग्रजीत सांगितली तर अनोळखी भाषेला ओळखीचा अर्थ धरून ठेवतो. उतारा शिकवताना पुस्तक आधी उघडू नका. एकदा नुसते ऐकवा. दुसऱ्यांदा कळले ते टिपावयास सांगा. तिसऱ्यांदा पुस्तक उघडून ऐकवा, म्हणजे कान कोठे चुकले ते मुलाला स्वतःलाच दिसेल.

वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना असे सांगेन की, रोज आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐका आणि त्याच दिवशी इंग्रजी बातम्या ऐका. बहुतेक बातम्या त्याच असतात. आज पुष्कळांच्या हातात मोबाइल आहे. त्यावर बोलण्याची गती कमी करून पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय आहे. आपल्या आधीच्या कोणत्याही पिढीला ती मिळाली नव्हती. चार-पाच जणांनी एकत्र बसून ऐकावे आणि कोणाला काय कळले ते मराठीत सांगावे. मराठीत सांगण्याची लाज वाटू देऊ नये. इंग्रजी ऐकण्याने मराठी सुटत नाही. पण इंग्रजी नुसती घोकण्याने दोन्ही अर्धवट राहतात.

आणि संघटनांना असे सांगेन की, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांच्या मागण्यांबरोबर ही मागणीही निवेदनात घाला: सार्वजनिक परीक्षेत इंग्रजी ऐकून समजण्याची खरी कसोटी असावी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिला स्थान असावे आणि कुलूपबंद भाषा प्रयोगशाळा संध्याकाळी वस्तीतील मुलांसाठी उघडाव्यात. वाचनालय मागताना आपण कधी संकोच केला नाही. ऐकण्याची जागा मागतानाही तो करण्याचे कारण नाही.

एकेकाळी आमच्या कानांवर पहारा होता, कारण ज्ञान कानांनी चालत होते. आज तसा कायदा नाही. पण पहारा करण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था उभी आहे: इंग्रजी छापून सर्वांना द्यावयाची आणि बोलावयाची मात्र आपसांत. ही व्यवस्था मोडण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. ज्या समाजाने बाबासाहेबांना ऐकून स्वतःला बदलले, त्याला ऐकणे शिकवावे लागणार नाही. त्याच्या कानांपर्यंत इंग्रजी पोहोचवण्याचे काम तेवढे आपण, शिकलेल्यांनी, अंगावर घेतले पाहिजे.